पाठीवरचे ओझे

पाठीवर एक पिशवी टाकावी आणि एखाद्या लहानशा डोंगरगावी निघून जावे, ही रीत आता आपल्या घरांतील तरुण मुलामुलींच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. भोपाळहून कोणी पिपरियामार्गे पचमढीला जाते, तर कोणी पंजाब मेलने कल्याण गाठून पुढे नेरळ आणि माथेरान. या प्रवासातील स्वावलंबन आम्हास मनापासून भावते. जेवढे स्वतःस उचलवेल तेवढेच बरोबर घ्यायचे, हा एक प्रकारचा अपरिग्रहच होय. परंतु माथेरानच्या वेशीवर, दस्तुरी नाक्यावर, या स्वावलंबनाची परीक्षा होते. तेथून पुढे खासगी मोटारीस मज्जाव आहे आणि समोर घोडा उभा असतो. स्वतःचे ओझे स्वतः वाहण्यात धन्यता मानणारा प्रवासी पिशवीसकट त्याच्या पाठीवर बसतो. आपल्या घटकाभराच्या आनंदासाठी दुसऱ्या जिवाच्या पाठीवर भार टाकण्याचा अधिकार आपणास कोठून मिळतो, हा प्रश्न त्या क्षणी फारसा कोणी विचारीत नाही. तो विचारावयास हवा.

माथेरानचे उदाहरण घेण्यास कारण आहे. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये या डोंगराकडे लक्ष वेधले, 1907 मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर पोहोचली आणि फेब्रुवारी 2003 मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. रुग्णवाहिकेसारखे अपवाद आणि अलीकडच्या ई-रिक्षा सोडल्या, तर गावात मोटार नाही. तेथील शांततेचे आणि स्वच्छ हवेचे आपण कौतुक करतो. पण जे काम इतरत्र इंजिन करते, ते येथे कोणाच्या तरी पायांवर आणि पाठीवर पडते. पर्यटक घोड्यावरून हिंडतात. मालही जनावरांच्या पाठीवरून चढतो. जी शांतता आपण विनामूल्य समजतो, तिची किंमत अशी वेगळ्याच खात्यावर नावे पडत असते.

घोड्याशी आपले नाते नवे नाही. आपल्यापैकी कित्येक घराणी 1956 मध्ये नव्या मध्य प्रदेशाबरोबर नागपूरहून भोपाळला आली; पण माळव्यातील त्यांच्या आधीची घराणी शिंदे, होळकर, पवार यांच्या फौजांबरोबर आली. डिसेंबर 1737 मध्ये पहिल्या बाजीरावांनी याच भोपाळात निजामाची कोंडी केली आणि जानेवारी 1738 मध्ये जवळच्याच दोराहा येथे तह झाला, तो चपळ घोडदळाच्या बळावर. त्या फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे; बारगिरास तो सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा पडला की त्याचे घर बसे. म्हणून तो स्वतः जेवण्याआधी घोड्याच्या चंदीची चौकशी करी. बारगिराने हयगय करू नये म्हणून पागेवर देखरेख ठेवावी लागे. आजचा पर्यटक हा अर्ध्या तासाचा बारगीर आहे, आणि त्याच्यावर देखरेख करणारी पागा मात्र नाही. पैसे हातावर ठेवले की आपली जबाबदारी संपली, असे तो समजतो.

येथेच घोडे पेंड खाते. भाड्याचा व्यवहार दोघांत होतो, पण श्रम तिसऱ्याचे असतात. घोडेवाला भाव ठरवतो, पर्यटक घासाघीस करतो. ज्याच्या पाठीवर हा सौदा पार पडतो, त्याला नाही म्हणता येत नाही. तेव्हा ‘आम्ही पैसे मोजले आहेत’ हे उत्तर घोडेवाल्यापुरते खरे असले, तरी घोड्याला ते लागू पडत नाही.

यावर काही विचारवंत मित्र म्हणतात की, मग घोड्यावर बसूच नये. या मताला न्यायालयांचाही आधार दिसतो. मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये दिला. माथेरानमधील हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत थांबवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितले. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेस विसंगत आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण त्याच निकालात रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचाही विचार आहे: ई-रिक्षा त्यांनाच मिळाव्यात. माणूस एक दांडा सोडून दुसरे चाक हाती धरू शकतो. घोड्याला असा दुसरा व्यवसाय नाही. आयुष्यभर शासनाची सेवा करून आज आम्ही निवृत्तिवेतनावर जगतो. घोड्याला निवृत्तिवेतन नाही. ज्या दिवशी त्याची कमाई थांबते, त्या दिवशीही त्याची भूक तेवढीच असते. बंदीचा आदेश एका ओळीत निघतो, दाणावैरण मात्र रोज लागते. ती कोण देणार हे न ठरवता केलेला त्याग आपल्या मनाचे समाधान करील. घोड्याचे पोट त्याने भरणार नाही, आणि घोडेवाल्याच्या मुलांचेही नाही.

म्हणून आमचे मत असे की, बसावे, पण निदान त्या अर्ध्या तासापुरते तरी शिलेदार होऊन बसावे. कायद्याने किमान मर्यादा आखली आहे. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीचे 1965 चे केंद्रीय नियम दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ देत नाहीत. तापमान 37 अंशांवर गेले असेल, तर दुपारी बारा ते तीन या वेळात काम वर्ज्य आहे. ओझे वाहणाऱ्या तट्टूसाठी 70 किलोची मर्यादा आहे. ती मालासाठी घातलेली आहे हे खरे. परंतु बसण्यापूर्वी स्वतःचे वजन आणि पिशवीचे वजन यांची बेरीज करण्यास कोणाची हरकत आहे?

खोगिराखाली जखम नाही ना, पाय उचलताना घोडा लंगडत नाही ना, हे पाहावे. आज कितवी फेरी, हे घोडेवाल्यास आदराने विचारावे. घोडा थकलेला दिसला, तर तो पाणी पिऊन उभा राहीपर्यंत आपणही थांबावे, आणि भाडे मात्र पुरे द्यावे. घासाघीस करून वाचवलेले वीस रुपये शेवटी चंदीतूनच कापले जातात. तीव्र उतार लागला की खाली उतरून चालावे. लगाम धरून शेजारी चालणाऱ्या माणसाचे नाव विचारावे. तोही आपल्याच करमणुकीसाठी दिवसभर हीच वाट तुडवीत असतो.

हे सारे केल्याने घोड्याचे श्रम नाहीसे होतात, असे आम्ही म्हणत नाही. संपूर्ण निर्दोष सुख मनुष्याच्या वाट्याला क्वचितच येते. अन्न, वस्त्र, घर, प्रत्येकामागे कोणाची तरी पाठ वाकलेली असते. त्या पाठीकडे पाहण्याचे टाळणे हा खरा दोष होय. आपल्या नातवंडांनी खुशाल डोंगर चढावेत, घोड्यावर बसण्याची हौसही भागवावी. मात्र ज्याला वेळ आली असता खाली उतरता येते, त्यालाच वर बसणे शोभते, एवढे आपण वडीलधाऱ्यांनी त्यांना सांगून ठेवावे.