गिअरबॉक्स स्वतः खोलावा का?

मोटारीचा गिअरबॉक्स मालकाने स्वतः उतरवून, खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बसवावा का, या प्रश्नामागे एक जुना पेच आहे. काम शिकल्याशिवाय करता येत नाही आणि केल्याशिवाय शिकता येत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागात याचे उत्तर दिले: घरे बांधूनच माणूस गवंडी होतो. गिअरबॉक्सच्या बाबतीत हे उत्तर कितपत पुरते, ते पाहण्यासाठी मारुती ८००चे उदाहरण सोयीचे आहे. १९८३ साली आलेल्या आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या या गाडीत गिअर आणि डिफरन्शियल एकाच लहान पेटीत असतात.

पूर्वपक्ष : दुसरा गिअर टाकताना कर्रकर्र आवाज येतो, एवढेच दुखणे. अनुभवी मिस्त्री ते सहज निस्तरतो. मालकाने त्यासाठी सुट्ट्या घालवून, पाने आणि पुलर विकत घेऊन काय साधले? पैसा वाचत नाही, वेळ तर नाहीच.

उत्तरपक्ष : पैसा वाचवण्यासाठी हे करूच नये. करायचे ते समजण्यासाठी. ‘आख्खा बॉक्स बदला’ असे कोणी सांगितले, तर आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या मालकाला मान डोलवण्यावाचून गत्यंतर नसते. शाफ्टवर गिअर मोकळे फिरत असतात. त्यांपैकी कोणता शाफ्टशी जोडायचा, ते स्लीव्ह ठरवते. गिअर आणि शाफ्ट यांचे वेग वेगळे असतात. स्लीव्ह सरकू लागली की पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर दाबली जाते, घर्षणाने वेग जुळवते आणि मगच दाते एकमेकांत शिरतात. १९२८मध्ये कॅडिलॅकने ही सोय मोटारीत आणली. रिंगेच्या आतल्या बारीक रेषा झिजल्या की पकड जाते, वेग न जुळल्याने तो कर्रकर्र आवाज येतो आणि रिंग कोनावर जास्त आत बसते. रिंग आणि गिअरचे दाते यांमधली फट फीलर गेजने मोजावी. कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा ती कमी भरली, तर दोष सापडला. पुष्कळदा बाकीचे सगळे शाबूत असते.

पूर्वपक्ष : समजण्यासाठी खोलणे वेगळे आणि रस्त्यावर चालवण्यासाठी जोडणे वेगळे. दोन गिअर एकाच वेळी पडू नयेत म्हणून सिलेक्टर शाफ्टांजवळ एखादी छोटी पिन किंवा गोळी अडसर म्हणून बसवलेली असते. खोलताना ती घरंगळून बाकाखाली गेली आणि नवख्याला तिचे काम माहीत नसले, तर पेटी तिच्याविनाही बंद होते. पुढे कधीतरी दोन गिअर एकदम पडतात, बॉक्स जाम होतो आणि पुढची चाकेही. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने मालकाच्या शिक्षणाची किंमत का मोजावी?

सगळ्यांत वजनदार आक्षेप हाच. ‘गाडी माझी, मर्जी माझी’ म्हणून तो उडवून लावता येत नाही.

उत्तरपक्ष : मिस्त्रीही कधी काळी नवखाच होता. त्याचा पहिला बॉक्स कोणाच्या तरी गाडीतलाच होता.

पूर्वपक्ष : होता, पण शेजारी उस्ताद उभा होता. अ‍ॅरिस्टॉटलही तिथेच पुढे सांगतो की वाईट बांधत राहणारा वाईट गवंडी होतो, म्हणून तर शिकवणारा लागतो. व्हिडिओ बघून काम करणाऱ्याची चूक व्हिडिओला दिसत नाही.

उत्तरपक्ष : हे मान्य केलेच पाहिजे. मग ठरवायचे ते एवढेच की कोणता बॉक्स खोलायचा आणि कोणासमोर. पहिला कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणावा, जो गाडीत बसणारच नाही. तो हात बसेपर्यंत खोलावा आणि जोडावा: कोणता शिम कुठला, सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का, रिंगेच्या खाचा हबवरच्या चाव्यांशी जुळल्या का. स्वतःच्या गाडीचा बॉक्स त्यानंतर. तो जोडल्यावर बाकावरच एकेक गिअर टाकून इनपुट शाफ्ट हाताने फिरवावा. एक गिअर पडलेला असताना दुसरा पडता कामा नये. ऑइलही पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच भरावे.

पूर्वपक्ष : आणि उस्ताद?

उत्तरपक्ष : पेटी बंद करण्याआधी जाणत्या मिस्त्रीला सगळे दाखवावे आणि त्या तपासणीची मजुरी द्यावी. त्याने नाही म्हटले, तर तो बॉक्स गाडीत बसवू नये.