नियम, श्वास आणि विवेक

पानिपत हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे १४ जानेवारी १७६१ चा दिवस उभा राहतो. तो पराभव रणांगणावर पूर्ण झाला खरा. पण त्याची सुरुवात रसद तुटल्यापासूनच झाली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये याच पानिपताकडे दिल्ली आणि हरियाणातील रुग्णालये डोळे लावून बसली होती. या वेळची रसद धान्याची नव्हती, प्राणवायूची होती.

पानिपतच्या इंडियन ऑइल संकुलात ग्लायकॉल नावाचे रसायन बनते. पॉलिएस्टरच्या धाग्यासाठी ते लागते आणि ते बनविण्यासाठी अतिशुद्ध ऑक्सिजन लागतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत या संकुलाने ग्लायकॉलचे उत्पादन कमी करून तो ऑक्सिजन द्रवरूपात रुग्णालयांकडे वळविला. मे महिन्यात शुद्धीकरण कारखान्याजवळ बाल जाटान येथे ५०० खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले आणि त्याला कारखान्यातूनच नळाने प्राणवायू देण्यात आला. धाग्याऐवजी श्वास निवडला गेला. येथपर्यंत कोणाच्याही मनात शंका येण्याचे कारण नाही.

शंका पुढे येते. आपल्या कायद्यानुसार रुग्णाला दिला जाणारा ऑक्सिजन हे औषध आहे. त्याला परवाना लागतो आणि भारतीय औषधकोशातील कसोटीला उतरावे लागते. कारखान्यात वितळजोडणीसाठी वापरला जाणारा ऑक्सिजन मूलद्रव्य म्हणून तोच असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो औषध नव्हे. साथीच्या प्रारंभी, २०२० मध्येच, औद्योगिक वायू बनविणाऱ्यांना वैद्यकीय परवाना चोवीस तासांत द्यावा असे आदेश निघाले होते. जे काम एरवी दीर्घकाळ चालते ते एका दिवसात होऊ शकत असेल, तर एरवीचा तो काळ कशासाठी होता? आणि तो काळ आवश्यक असेल, तर संकटात तो गाळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पहिल्या प्रश्नाची बाजू आपल्या वाचकांना सहज पटेल. शब्बाथाच्या दिवशी रोग्याला बरे करावे की नाही, हा वाद आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. माणूस गुदमरत असताना कागदावरील शिक्क्याची वाट पाहणे हे नियमपालन नव्हे, निर्दयता आहे. एप्रिल २०२१ मध्ये पानिपतहून दिल्लीकडे जाणारा प्राणवायू अडविला जात असल्याची तक्रार दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली होती. तेथे अडथळा शास्त्राचा नव्हता, हद्दीचा होता. असा अडथळा मोडलाच पाहिजे.

परंतु सर्व नियम हद्दीच्या नाक्यासारखे नसतात. प्राणवायूत कार्बन मोनॉक्साइडचा किंचित अंशही घातक ठरतो. म्हणून त्याची मर्यादा दशलक्षांशात मोजतात. नळात किंवा झडपेत तेलाचा अंश राहिला, तर ऑक्सिजनच्या सान्निध्यात तो पेट घेतो. त्या दिवसांत नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर प्राणवायूसाठी वापरावे लागले; ते आधी स्वच्छ करून घेणे हा उपचार नव्हता, ती रुग्णाच्या जिवाची हमी होती. रुग्णालयातील लहान सिलिंडरांच्या तोंडाशी प्रत्येक वायूसाठी वेगवेगळ्या ठिकाणी छिद्रे असतात. दुसऱ्या वायूचा सिलिंडर त्या जागी बसतच नाही. मध्यरात्री थकलेल्या परिचारिकेचा हात चुकू शकतो, हे कोणा अभियंत्याने आधीच ओळखले आणि तिची काळजी धातूत ओतून ठेवली.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याभोवती कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. कठडा घरमालकासाठी नसतो. त्याला धाब्याची कड ठाऊक असते. तो पाहुण्यासाठी असतो. रुग्ण हा तसाच पाहुणा आहे. त्याच्या नाकाशी आलेला वायू तो तपासू शकत नाही, यंत्र उघडून पाहू शकत नाही, नकारही देऊ शकत नाही. त्याच्या वतीने तपासणारा कोणी तरी असावा, एवढाच या नियमांचा अर्थ आहे.

कठडा नसेल तर काय होते, हे महाराष्ट्राने त्याच वर्षी पाहिले. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरांपैकी वापरात आणलेले ११३ सदोष असल्याचे मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आले. केंद्राने वापरणाऱ्यांकडे बोट दाखविले. न्यायालयाला ती भूमिका रुचली नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधाच्या व्याख्येत आली असली, तरी व्हेंटिलेटरसारख्या अधिक जोखमीच्या उपकरणांना परवान्याची सक्ती ऑक्टोबर २०२३ पासून झाली. म्हणजे त्या वेळी कायदा अजून वाटेतच होता. कायदा वाटेत असला म्हणून यंत्र बनविणाऱ्याचे, विकत घेणाऱ्याचे आणि पाठविणाऱ्याचे कर्तव्यही वाटेत असते काय?

याचे उत्तर शोधताना नियमाचे दोन भाग वेगळे करावे लागतात. एक भाग प्रतीक्षेचा: फायली, पाळ्या, सह्या. दुसरा भाग कसोटीचा: शुद्धता, दाब, गळती, नोंद. संकटात पहिला भाग आखडता घेता येतो, घेतलाच पाहिजे. दुसरा भाग गाळता येत नाही, कारण संकटाने वायूचा किंवा यंत्राचा स्वभाव बदलत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी बावीस रुग्ण दगावले. टाकी होती, प्राणवायू होता. तो रुग्णापर्यंत पोहोचला नाही.

मात्र घाईत असताना कोणता भाग प्रतीक्षेचा आणि कोणता कसोटीचा, हे कोणी ठरवायचे? येथे कायदा थांबतो आणि विवेकाला बोलावे लागते. एक साधी परीक्षा करता येईल. जी पायरी आपण गाळत आहोत, ती गाळल्याचे त्या रुग्णाला, शुद्धीवर असताना, त्याच्या खाटेशेजारी उभे राहून आपण सांगू शकू काय? सही लवकर घेतली, हे सांगता येईल. तपासणी केली नाही, हे सांगताना जीभ अडखळेल.

आपल्या समाजातील कितीतरी भगिनी परिचारिका आहेत आणि कितीतरी तरुण कारखान्यांत व प्रयोगशाळांत काम करतात. त्यांच्यापुढे एखादी नोंदवही येते आणि रिकामा रकाना भरून टाक असे कोणी तरी म्हणते. त्या रकान्यापलीकडे एक अनोळखी माणूस श्वास घेत असतो. तो त्यांचे नाव कधी ऐकणार नाही, आभारही मानणार नाही. तरीही तो त्यांचा शेजारी आहे.