परत पाठवताना



दारात आलेल्या प्रत्येकाला हवे ते देणे आपल्याला शक्य नसते. कधी पैसा नसतो, कधी अधिकार नसतो, कधी मागणेच योग्य नसते. मग 'नाही' म्हटले की प्रीतीची आज्ञा मोडते का?

यहुदी धर्मगुरूंनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. त्यांच्या तालमूद ग्रंथात शिकवण आहे, की डाव्या हाताने दूर सारावे आणि उजव्या हाताने जवळ घ्यावे. बहुतेकांचा उजवा हातच बळकट असतो, हे लक्षात घेण्याजोगे. याच ठिकाणी त्यांनी अलीशा संदेष्ट्यालाही दोष दिला आहे. त्याने आपला सेवक गेहजी याला दोन्ही हातांनी ढकलले म्हणून. गेहजीने लबाडी केली होती (२ राजे ५), तरीही! बाराव्या शतकातील विद्वान मायमोनिदीस सांगतात, की जवळ काहीच नसेल तर निदान गोड शब्द द्यावेत. गरिबावर ओरडणे निषिद्ध आहे.

दोन्ही हातांनी ढकलले जाणे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनीही सोसले आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे बेने इस्राएल; लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांतील हजारो जण इस्राएलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने, विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी, असा आदेश काढला. चौकशी करणे हा धर्मगुरूंचा अधिकार मानला, तरी आदेशात नाव एकाच समाजाचे होते. १९६४ मध्ये त्यांनी येरुशलेममध्ये धरणे धरले. त्याच वर्षी सरकार आणि संसदेने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले आणि आदेशातून त्यांचे नाव वगळण्यात आले.

आपल्या पवनीत असे आदेश निघत नाहीत. आपण फक्त "उद्या या" म्हणतो. मिरचीच्या सातऱ्यावर काम मागायला आलेल्या बाईला जागा नाही हे ठाऊक असूनही "उद्या या" म्हटले, की तिची एक खेप आणि एका दिवसाची मजुरी बुडते. जवळ असताना शेजाऱ्याला उद्यावर ढकलू नये, असे नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय बजावतो. नसताना ढकलणे तर त्याहून वाईट.

प्रभू येशूनेही नकार दिला आहे. भूतबाधेतून मुक्त झालेल्या माणसाने सोबत येऊ देण्याची विनवणी केली (मार्क ५). प्रभूने त्याला येऊ दिले नाही. घरी, आपल्या माणसांकडे जाऊन देवाची दया सांगायला पाठवले. तो माणूस दकापलीस प्रांतभर सांगत फिरला.