मापाचे प्रामाण्य

एखादी वस्ती बारमाही रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न वरकरणी मोजणी खात्याचा आहे. साखळी टाकावी, आकडा दप्तरी रुजू करावा आणि पुढच्या वस्तीकडे वळावे, इतकेच त्याचे उत्तर असावे असे कोणालाही वाटेल. परंतु २०१५ च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची सतरा लक्ष्ये जगापुढे ठेवली आणि त्यांतील नववे उद्योग, नवोन्मेष व पायाभूत सुविधा यांना दिले, तेव्हापासून या दोन किलोमीटरांना निराळेच वजन आले आहे. कारण ग्रामीण जनतेपैकी किती लोक बारमाही रस्त्यापासून एवढ्या अंतराच्या आत राहतात, हाच त्या लक्ष्याचा पहिला निर्देशक ठरला. राष्ट्र पुढे गेले की मागे राहिले याचा निवाडा अंशतः का होईना या साखळीवर होणार असेल, तर हा प्रश्न मोजणीदाराचा राहत नाही. तो प्रमाणशास्त्राचा होतो आणि, माझ्या मते, धर्माचाही होतो.

आपल्या भाषेत ‘प्रमाण’ हा शब्द दोन घरी नांदतो. आमटीत मीठ प्रमाणात घालावे असे आपण म्हणतो, आणि वडिलांचा शब्द प्रमाण मानला असेही म्हणतो. मोजणे आणि खरे ज्ञान होणे या दोन क्रिया एकाच ‘मा’ धातूच्या पोटी जन्माला आल्या, हा केवळ व्याकरणाचा योगायोग नव्हे. मेय वस्तूची सिद्धी मापावर अवलंबून असते हे आपल्या शास्त्रकारांनी ओळखले होते. आणि ते ओळखल्यामुळेच त्यांना पुढचा, अधिक अवघड प्रश्न पडला, की ज्या प्रमाणाने वस्तू सिद्ध व्हायची त्या प्रमाणाचे स्वतःचे प्रामाण्य कशाने सिद्ध व्हायचे? मीमांसकांनी उत्तर दिले, की ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. बाधक ज्ञान उभे राहीपर्यंत त्याच्यावर संशय घेण्याचे कारण नाही. नैयायिकांना हे मान्य झाले नाही. त्यांच्या मते प्रामाण्य बाहेरून, सफल प्रवृत्तीने ठरते: दूर पाणी दिसले, त्या दिशेने चालत गेलो, ओंजळ भरली आणि तहान भागली, तर ते पाण्याचे ज्ञान खरे, ओंजळीत वाळू आली तर ते मृगजळ. शतकानुशतके चाललेला हा वाद पाठशाळेच्या ओसरीवरचा आहे असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. तो आजच्या राज्यकारभाराचा वाद आहे, हे मला कोयना धरणाच्या जलाशयाच्या, शिवसागराच्या, काठी कळले.

श्रावणाचे दिवस होते. बामणोलीच्या धक्क्यावर आम्ही दहाबारा माणसे लाँचची वाट पाहत उभे होतो. वारा सुटला होता, पाणी करडे झाले होते आणि लाँचवाला तासभर थांबा म्हणत होता. माझ्या शेजारी साठीच्या पुढचे एक गृहस्थ रेशनच्या तांदळाचे पोते प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, त्यावर हात ठेवून बसले होते. कागदाचे टोक वाऱ्याने उडे, ते पुन्हा पुन्हा पोत्याखाली दाबत. गाव किती लांब, असे मी विचारले. त्यांनी समोरच्या डोंगराकडे बोट केले, आणि म्हणाले, “साहेब, नकाशात बघाल तर आमचं गाव हितंच हाय. पर मधी पाणी हाय.”

ते पाणी साधे पाणी नव्हे. स्वतंत्र भारताच्या औद्योगिक आकांक्षेचे ते तीर्थ आहे. कोयनेचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले, १९६२ साली पहिली वीज निघाली, आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटपर्यंत गेली. महाराष्ट्रातील कारखान्यांच्या चाकांमागे या खोऱ्याचे पाणी आहे हे कोणी नाकारणार नाही, आणि त्या कर्तृत्वाचा मला अभिमान आहे. परंतु त्याच पाण्याने खोऱ्यातील गावे उठवली; कित्येक कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत गेली, आणि जी वरच्या उतारांवर सरकून राहिली त्यांच्या पायवाटा, बाजाराच्या वाटा आणि सोयरिकीच्या वाटा तळाशी गेल्या. आता असे पाहा, की बारमाही रस्त्याचा निर्देशक आज बहुधा भूनकाशावर काढतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन किलोमीटरचा पट्टा आखतात आणि त्या पट्ट्यात पडणारी लोकसंख्या ‘सुविधाप्राप्त’ म्हणून मोजतात. पट्ट्याला पाणी दिसत नाही आणि कडाही दिसत नाही. दोन किलोमीटर म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांची चाल, असे हा निर्देशक प्रथम योजणाऱ्यांनी गृहीत धरले होते. सपाटीवरच्या धडधाकट माणसाला ते लागू पडेल, पण सह्याद्रीच्या उतारावर, आषाढात, डोलीत घातलेल्या बाळंतिणीला खांद्यावर घेऊन निघालेल्या चौघांना ती वीस मिनिटे कोठून आणायची? येथे आकडा मीमांसकासारखा स्वतःप्रमाण होऊन बसतो, आणि ते पोतेवाले गृहस्थ मात्र जन्माचे नैयायिक असतात: रस्ता आहे हे ज्ञान त्यांच्या लेखी तेव्हाच खरे, जेव्हा तांदूळ कोरडा घरी पोहोचतो.

मी येथे मीमांसकांवर अन्याय करू इच्छीत नाही. त्यांनीही बाधक ज्ञानाला जागा ठेवली होती. विपरीत अनुभव पुढे आला तर पहिले ज्ञान मागे घ्यावे, हे त्यांना मान्यच होते. आजच्या कारभाराचा दोष असा, की बाधक ज्ञान जेथे उपजते तेथून दप्तरापर्यंत येण्याची वाटच आपण पुरेशी बांधलेली नाही. 

शाळेत आपण अपूर्णांक शिकतो तेव्हा अंश वर असतो आणि छेद खाली. लोकांचे लक्ष अंशाकडे जाते. नीतीचा प्रश्न छेदात दडलेला असतो. नीती आयोगाने २०१८ च्या डिसेंबरात राज्यांची जी पहिली गुणपत्रिका प्रसिद्ध केली, तिच्यात नवव्या लक्ष्यासाठी रस्त्यांबाबत पाहिले गेले ते प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या ‘लक्ष्यित’ वस्त्यांपैकी किती जोडल्या गेल्या हे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या त्या योजनेने ग्रामीण भारताचे रूप पालटले, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण तिच्या मूळ निकषानुसार सपाटीवर पाचशे आणि डोंगरी वा आदिवासी भागात अडीचशे लोकसंख्येची वस्ती पात्र होत असे. म्हणजे डोंगरावरची दोनशे चाळीस माणसांची वाडी त्या गणतीत ना जोडलेली, ना तुटलेली. शंभर टक्के उद्दिष्ट साध्य झाल्याची घोषणा तिला वगळूनही अक्षरशः खरी ठरते. असत्य न बोलता सत्य झाकणे ही गोष्ट आपल्या परंपरेने ‘नरो वा कुंजरो वा’च्या कथेतच ओळखली होती, आणि त्या कथेत धर्मराजाचा रथ भूमीला टेकला, हे आपण विसरू नये.

विजेच्या बाबतीत हेच घडले, आणि तेथे सुधारणाही झाली म्हणून ते सांगणे अगत्याचे आहे. गावातील सार्वजनिक जागा आणि किमान दहा टक्के घरे उजळली की गाव ‘विद्युतीकृत’ मानावे, अशी व्याख्या होती. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लेइसांग जोडले गेले, आणि देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. शंभर उंबऱ्यांच्या गावात नव्वद घरी चिमणी जळत असताना गाव उजळले असे म्हणणे शब्दार्थाने शक्य होते. मात्र शासनानेच त्याआधी काही महिने ‘सौभाग्य’ योजना काढून गावाऐवजी घर हे माप धरले होते, आणि मला त्या निर्णयात केवळ प्रशासकीय शहाणपण नव्हे तर एक नैतिक पाऊल दिसते. कारण गाव ही कागदावरची व्यक्ती आहे, तिला अंधारात ठेच लागत नाही.

नवोन्मेषाचे माप तर आणखी विचार करायला लावते. राष्ट्रीय उत्पन्नाचा किती हिस्सा संशोधनावर खर्च झाला आणि दर दहा लाख लोकांमागे संशोधक किती, हे येथले निर्देशक. आपला हिस्सा २०२०-२१ साली अवघा ०.६४ टक्के होता. तो वाढला पाहिजे, यात दुमत नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक लहान गाव आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे या दीडएक एकराच्या शेतकऱ्याने १९८० च्या दशकात आपल्या धानाच्या बांधीत काही निराळ्या लोंब्या पाहिल्या, त्या वेगळ्या ठेवल्या, हंगामामागून हंगाम त्यांचे बी पेरून पारखले, आणि त्यातून जे बारीक, चवदार वाण सिद्ध झाले ते एका लोकप्रिय घड्याळाच्या नावाने ‘एचएमटी’ म्हणून बाजारात गेले. आज विदर्भात आणि विदर्भाबाहेर तो तांदूळ न खाल्लेला माणूस शोधावा लागेल. २०१८ साली दादाजी गेले. दर दहा लाखांमागे मोजलेल्या संशोधकांत त्यांची गणना होऊ शकत नव्हती. ज्या देशाच्या ताटात त्यांचे संशोधन रोज वाढले जाते, त्या देशाच्या मापात त्यांना जागा नव्हती.

उद्योगाच्या शाश्वततेचे माप म्हणजे मूल्यवृद्धीच्या प्रत्येक एककामागे होणारे कार्बन उत्सर्जन. हे गुणोत्तर उतरत असताना एकूण धूर वाढतच राहू शकतो. आणि कारखान्याखालची नदी या लक्ष्यात येतच नाही, ती सहाव्या लक्ष्याच्या दप्तरी गेली.

मग मोजूच नये काय? हे मी कदापि म्हणणार नाही. कारण मोजणी ही दुर्बलाची ढालही होऊ शकते, हे मुंबईच्याच एका गणिताच्या अध्यापकाने दाखवून ठेवले आहे. एल्फिन्स्टन विद्यालयात गणित आणि नैसर्गिक तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या दादाभाई नौरोजींनी सरकारच्याच कागदपत्रांवरून १८६७-६८ सालचे माणशी उत्पन्न काढले. ते वर्षाला वीस रुपये आले. येथे थांबते तर ती एक सरासरी ठरती, आणि ‘सरासरी’ हा फारसीतून आलेला शब्द जसा गुळगुळीत आहे तशीच ती वस्तूही गुळगुळीत असते. पण दादाभाईंनी त्या आकड्याशेजारी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च मांडला, आणि तो अधिक निघाला. निरपराध रयतेच्या वाट्याला गुन्हेगाराइतकेही येत नाही, हे त्या एका तुलनेने साऱ्या जगापुढे उभे राहिले. माप तेच, आकडे राज्यकर्त्यांचेच. बदलली ती मोजणाऱ्याची जागा. मोजणाऱ्याने आपले आसन कोठे मांडले, यात त्याचा धर्म असतो, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

आपल्या महसूल खात्यात पिकाच्या पैसेवारीची जुनी रीत आहे. पन्नास पैशांची रेघ ओढून पूर्वी दुष्काळ ठरवणारी ही पद्धत निर्दोष नाही. एकोणपन्नास आणि एक्कावन्न यांत शेतकऱ्याच्या कणगीला फरक जाणवत नाही. पण तिच्यात एक गोष्ट मला आदराची वाटते. पहिला आकडा हा केवळ नजर अंदाज असतो, मग सुधारित येतो, मग अंतिम; आणि गावच्या समितीला त्या कामात स्थान असते. आपले पहिले ज्ञान चुकीचे असू शकते, हे तेथे पद्धतीनेच कबूल केले आहे. राष्ट्राच्या गुणपत्रिकेत रस्ता, वीज आणि उद्योग यांच्या आकड्यांना हीच कबुली लागू व्हावी. वस्ती कितीही लहान असो, तिची नोंद छेदात असावी. बारमाही म्हणवणाऱ्या रस्त्याची पाहणी वैशाखात नव्हे तर आषाढात व्हावी. आणि त्या पाहणीचा कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचून, ज्याला हरकत असेल त्याची कैफियत त्याच कागदावर लिहून घेतल्याशिवाय तो जिल्ह्याला जाऊ नये. हे काम मंत्रालयाने करावेच, पण वाचकहो, तुमच्या गावाच्या पुढल्या ग्रामसभेत तुम्हीही तो कागद मागा.