फासे टाकण्यापूर्वी

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. खुद्द शिवपार्वतीही या दिवशी फासे खेळली, असे सांगतात. तेव्हा सणाच्या अंकात फाशांच्या एका खेळाविषयी लिहिले, तर वाचक रागावणार नाहीत. खेळ मात्र परदेशी आहे. गेल्या सुट्टीत वाशीमला आमच्याकडे भाचेमंडळी जमली. त्यांतल्या पुण्याच्या भाच्याने तो आणला, आणि मामा मास्तर आहेत एवढ्यावर मला त्यात न्यायाधीश नेमले. पुस्तकातही त्या पदाला हेच नाव आहे.

‘मार्व्हल सुपर हीरोज’ हा खेळ १९८४ साली अमेरिकेतल्या टीएसआर कंपनीने काढला. रचणारे जेफ ग्रब. सारीपाटासारखी घरे मोजत जायचे नसते. प्रत्येकाने एक महावीर व्हायचे. न्यायाधीशाने प्रसंग सांगायचा, पूल कोसळतो आहे, पेढीवर दरोडा पडला आहे, आणि विचारायचे, ‘आता तू काय करशील?’ केलेले साधते की फसते, हे दहा अंगांचे दोन फासे ठरवतात. एक दशकाचा, एक एककाचा; म्हणजे दान १ ते १०० पर्यंतचे.

वीराचे गुण सात : झुंज, चपळाई, बळ, दम, बुद्धी, अंतर्ज्ञान आणि मनोबल. पहिल्या चारांची बेरीज हे त्याचे आरोग्य. उरलेल्या तिहींची बेरीज म्हणजे आरंभीची शिल्लक, आणि तिला त्या अमेरिकन माणसाने नाव दिले आहे ‘कर्म’! कुणाला वाचवले की कर्म वाढते. ते खर्चताही येते; पडलेल्या दानात तेवढे आकडे मिळवता येतात. अट एकच. खर्च करणार, हे फासे टाकण्यापूर्वी बोलून दाखवायचे. दान पाहून मग पुण्य आठवायचे, ही सोय नाही.

आपल्या मोक्षपटाची परंपरा आपण ज्ञानेश्वरांपर्यंत नेतो. तिथेही शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. पण सापाच्या तोंडी जायचे की नाही, हे कवड्या ठरवतात. खेळणाऱ्याने पाप केलेलेच नसते, ते त्याच्यावर पडते. इथे फासा फक्त हात चालला की नाही एवढेच सांगतो. हात उगारावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

आणि आता तो नियम, ज्यावरून आमच्या घरी दोन दिवस अबोला झाला. वीराने कुणाचा जीव घेतला, की त्याचे सारे कर्म शून्य.

भाच्याच्या वीराने शहराच्या पाण्यात विष कालवणाऱ्या एका दुष्टाला गच्चीवरून खाली फेकले. मी वही पुढे ओढली आणि शून्य मांडले. पोरगा उसळला. ‘मामा, हा सुटला असता तर पुन्हा तेच करणार होता! भीमानं दुःशासनाला मारलं, तेव्हा त्याचं कर्म शून्य झालं का?’

प्रश्न खरा होता. आमचे सगळे वीर मारणारेच आहेत. त्यांच्या मारण्याचे आम्ही कीर्तन करतो. तरीही मला तो नियम पटतो. तुम्हाआम्हाला आवरायला पोलीस आहे, कोर्ट आहे, शेजारी आहेत, घरात बायको आहे. ज्याला गोळी लागत नाही त्याला कोण आवरणार? त्याला जे सर्वांत हवेहवेसे, त्याचाच लगाम करावा लागतो. शिवाय या नियमात ‘पण’ शिरू दिला, की प्रत्येक खुनाला एक ‘पण’ सापडतो. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या पात्रांच्या खुनांचे समर्थन मला अर्ध्या तासात सापडते, आणि ते वाचकाला पटतेही. म्हणून तर मला त्या समर्थनांचा भरवसा वाटत नाही.

भीमाचे उत्तर मात्र राहिलेच. महाप्रस्थानात तो कोसळतो, तेव्हा युधिष्ठिर कारण सांगतो : हा फार खात असे आणि आपल्या बळाची बढाई मारीत असे. शंभर कौरवांचा उल्लेखही नाही! व्यासांची वही निराळी आहे. तीत रक्तापेक्षा गर्वाचा आकडा मोठा. मी हे भाच्याला सांगितले. गर्वाचा हिशेब ठेवायला त्या पुस्तकात रकाना नाही, हेही सांगितले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आणि युधिष्ठिराला नरक दिसला, तो अश्वत्थाम्याच्या अर्ध्या खोट्यासाठी. म्हणजे खोटं बोलणं मारण्याहून वाईट?’

याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. वहीतले शून्य मात्र तसेच ठेवले.