मरणाआधीचा प्रश्न

मराठवाड्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत मराठीत रुजवली ती या माणसाने. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी माणसाच्या तापांची वर्गवारी केली आणि मनाचं दुःख देहाच्या दुखण्याशेजारी मांडलं. पण उपाय ज्याचा त्याने करायचा, विवेकाने. पुढे या शिकवणीतलं निरीक्षण मागे पडलं, उपदेश तेवढा उरला. मन खचलेल्या माणसाला घरातले ‘मन घट्ट कर’ म्हणत राहिले. तेवढ्याने भागलं नाही तर ‘बाहेरचं’ बघायला देवर्षीकडे नेत राहिले.

सरकारला मन दिसायचं ते वेड लागल्यावरच. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नव्हतं. मंठ्याच्या किंवा परतूरच्या कुटुंबाने रुग्णाला घेऊन जायचं तरी किती लांब? आणि ज्याला वेड लागलेलं नाही, फक्त रात्रभर डोळा लागत नाही, त्याला तर कुठलंच दार नव्हतं.

शेतकरी आत्महत्यांनी पहिल्यांदा सरकारला या माणसाकडे बघायला लावलं, पण तो गेल्यावर. 2005-06 मध्ये मागे राहिलेल्या कुटुंबाला द्यायच्या मदतीचे निकष ठरले. 1 लाख रुपये. त्यातले 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. त्यासाठी जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा सिद्ध व्हायला हवा. नाहीतर प्रकरण ‘अपात्र’. कर्ज खरंच होतं, त्यावर बोट ठेवणं गरजेचंच होतं. पण माणूस महिनोन् महिने आतून कसा विझत गेला, हे त्या कागदावर कुठे लिहायचं?

2012-13 च्या दुष्काळात ही उणीव उघडी पडली. अंबड, बदनापूर, घनसावंगीच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कपाशी गेली तर पुढच्या मृगात पुन्हा सरकी टोबता येते. मोसंबी फळावर यायलाच पाच-सहा वर्षं लागतात. टँकरचं पाणी विकत घेऊन जगवलेली झाडं शेवटी सरपणासाठी तोडताना माणसाच्या उमेदीची वर्षंच जातात. याला नुकसान म्हणणं अपुरं आहे. हा शोक आहे, आणि शोकाचा पंचनामा होत नाही.

म्हणून 2015 मध्ये सुरू झालेला ‘प्रेरणा’ प्रकल्प मला मोलाचा वाटतो. मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत आशाताईंनी घरोघरी जायचं, कोण खचलंय ते ओळखायचं, त्याला समुपदेशकापर्यंत आणि उपचारापर्यंत पोचवायचं. जोडीला 104 क्रमांकाची मदतवाहिनी. झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारायला गावातलीच बाई दारात आली आणि तेही माणूस जिवंत असताना. समुपदेशनाने विहिरीला पाणी येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण पाणी येईपर्यंत तगायला माणूस लागतो.

29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. त्याआधी गुन्ह्याच्या भीतीने घरचे डॉक्टरांनाही अपघात झाला असंच सांगत. आता सरकारच्या ‘टेलिमानस’ या मदतवाहिनीच्या 14416 वर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं.

तरीही ही सगळी वाट अजून शेतकरी पुरुषाभोवतीच फिरते. तो गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला सातबारा, वारसनोंद, सोसायटीचं कर्ज, सासरची बोलणी आणि मुलांच्या फिया एकाच वेळी अंगावर येतात. हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही, शेतावरून उशीर झाला तर नजरा झेलाव्या लागतात. तिच्याकडे अधिकारी येतात ते प्रकरणाची कागदपत्रं बघायला. झोप लागते का, हे तिलाही विचारलं जावं, आणि ते एकदाच नाही, वर्षश्राद्ध होऊन पाहुणे यायचे थांबल्यावरही, एवढी माझी मागणी आहे. हे काम आशाताईंनीच करायचं असेल, तर त्यांना त्याचा वेगळा आणि वेळेवर मोबदला मिळाला पाहिजे.