सीमेपलीकडील स्वस्ताई

परमुलखांत जाऊन स्वस्त माल आणणें यांत नीतीचा प्रश्न तो कसला, असें पुष्कळ वाचकांस वाटेल. पैसा आपला, पाय आपले, आणि दुकानदारही खुषीनें विकतो. मग तिसऱ्यानें त्यांत बोलावयाचें कारण काय? परंतु जेथें राज्याची हद्द मध्यें येते तेथें हा तिसरा अदृश्य रूपानें हजर असतो, आणि बहुधा तो एकटाही नसतो.

वाशीमकरांना हद्द म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभाराखालीं आलें, आणि तेव्हांपासून १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन होईपर्यंत हिंगोलीच्या वाटेवर एक अंमल संपून दुसरा सुरू होत असे. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. शिवाय संस्थानचें करोडगिरीचें खातें मालावर शेंकडा ५ जकात घेई. ६ कलदारांचे ७ हाली मिळत. हा एक रुपया फुकट पदरांत पडला असें नवख्या वाटसरूस वाटणें साहजिक होतें. पण पलीकडचे भावही हालींतच सांगितले जात हें ध्यानीं येतांच तो रुपया खिशांतल्या खिशांत विरून जाई! नाण्याच्या नुसत्या फरकानें मनुष्य श्रीमंत होत नाहीं. खरी स्वस्ताई उपजते ती बहुतेक जकात चुकल्यानें, सरकारनें किंमतीचा भार स्वतः उचलल्यानें, किंवा राबणाऱ्याची मजुरी हलकी असल्यानें. नीतीचा प्रश्न सुरू होतो तो येथें.

आज हिंगोलीच्या वाटेवर नाका नाहीं. परंतु ज्या मराठी कुटुंबांचीं मुलें सिंगापुरांत नोकरीस आहेत त्यांना, आणि पाठीवर पिशवी टाकून आशियांत हिंडणाऱ्या आमच्या तरुणांना, तोच देखावा जोहोरच्या सेतूवर पाहावयास मिळतो. सुमारें १ किलोमीटर लांबीचा हा सेतु १९२४ मध्यें समारंभपूर्वक खुला झाला. १९७३ पर्यंत सिंगापूरचा व मलेशियाचा डॉलर बरोबरीनें बदलून मिळे. आज सिंगापूरच्या एका डॉलरास ३ हून अधिक रिंगिट येतात. सुट्टीच्या दिवशीं लोक पलीकडे जातात, किराणा भरतात, केस कापून घेतात, जेवतात, १९०० मध्यें पुरी झालेली सुलतान अबू बकर मशीद बाहेरून पाहतात, आणि रात्रीं परततात. दोन्ही सरकारांनीं या सहलीचा स्वभाव बरोबर ओळखिला आहे. सिंगापूरच्या मोटारीनें हद्द ओलांडतांना टांकींत पाऊण भाग पेट्रोल असलेंच पाहिजे, असा तेथील कायदा आहे; आणि मलेशियांत सरकारी मदतीनें स्वस्त ठेविलेलें पेट्रोल परदेशी मोटारींत भरण्यास मनाई आहे.

यांतील दुसरी मनाई आम्हांस सर्वथा न्याय्य वाटते. त्या पेट्रोलची उरलेली किंमत मलेशियाची प्रजा भरते; तें चोरून भरणारा पाहुणा यजमानाच्या ताटांतला घास उचलतो. पहिला नियम मोडणारा आपल्याच देशबांधवांचा कर बुडवितो. दोष दोघांचाही आहे, पण आमच्या मतें पहिल्याचा अधिक. कारण ज्याचें नुकसान होतें त्याला तो कधीं भेटणारही नाहीं.

मजुरीची गोष्ट अधिक अवघड आहे. ज्या सेतूवरून गिऱ्हाईक पलीकडे जातें, त्यावरूनच पहांटे जोहोरचे कामकरी मोठ्या संख्येनें सिंगापुरास कामाला येतात. दोघांनाही ओढणारा फरक एकच. हा फरक गिऱ्हाइकानें निर्माण केलेला नाहीं, आणि त्यानें घरीं बसून राहिल्यानें जोहोरच्या न्हाव्याचें पोट भरणार नाहीं. म्हणून नुसत्या खरेदीस आम्ही दोष देत नाहीं. मात्र मुळांत तिसऱ्या हिश्श्यानें मिळणाऱ्या वस्तूवर आणखी घासाघीस करून ती मर्दुमकी घरीं सांगणें, हा हलकेपणा आहे.

राहतो घरचा वाणी, आणि आमच्या वाचकांस खरी अडचण याचीच पडेल. पीक बुडालेल्या वर्षीं वहींत उधार मांडून धान्य देतो तो तो. आणि हातीं रोकड आली कीं आपण चार पैशांसाठीं परगांवीं जातों. त्यानें व्याज लाविलें, तेव्हां फेड झाली, असें कोणी म्हणेल. व्याज लाविलें हें खरें. पण त्या वर्षीं व्याजानें देखील देणारा दुसरा कोण होता? पांच तोंडांचें पोट भरणाऱ्या बाईनें शेंकडा पांच वांचविले तर तिला बोल लावण्यास आमची जीभ वळत नाहीं. ज्याला ती वांचवणूक चैनीपुरतीच आहे, त्यानें मात्र त्या वहीचीं जुनीं पानें आठवावीं.

अशा धांवत्या सहलींत शहर दिसतें काय? वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुषाचें साहित्यविद्येशीं लग्न लाविलें तें येथें. चार तासांत दोन लुगडीं घेऊन ‘वाशीम पाहिलें’ म्हणणाऱ्या परक्यास आम्ही हंसूं. आणि तरीही, मशिदीसमोर उभें राहून काढलेल्या छायाचित्रापेक्षां न्हाव्याच्या खुर्चींतला अर्धा तास आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. सबंध दिवसांत तेथील एका माणसाशीं सावकाश बोलण्याची संधि बहुधा तेवढीच मिळते. त्याच्या घरचें कोणी पहांटे सेतु ओलांडतें काय, किती वाजतां उठतें, हें त्याला विचारतां येतें.